घर सोडण्याचा धर्म

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याला वर्षही पूर्ण होत नाही तोच, १७ मे २०२१ रोजी, ‘तौक्ते’ हे त्याहून प्रबळ चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावरून उत्तरेकडे सरकत गेले आणि त्याच रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकले. या दोन्ही वेळी आपल्या किनाऱ्यावरील असंख्य कुटुंबांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : घर सोडून जावे, की घरातच थांबावे?

वरवर पाहता हा प्रश्न व्यवहाराचा वाटतो. वारा किती वेगाने येणार, पाणी कुठवर चढणार, भिंती टिकतील की नाही, एवढे कळले की उत्तर मिळाले, असे कोणी म्हणेल. परंतु या प्रश्नाच्या तळाशी नीतीचे आणि श्रद्धेचे काही प्रश्न दडलेले आहेत. धोक्याची पूर्वसूचना मिळाल्यावर घर सोडणे हे माणसाचे कर्तव्य आहे काय? की तो ज्याच्या त्याच्या मर्जीचा विषय आहे? ‘देव राखील’ असे म्हणून उंबरठ्याच्या आत बसून राहणे ही श्रद्धा, की श्रद्धेचा आभास? आणि जो दुसऱ्याला ‘निघा’ असे सांगतो, त्याच्या शिरावर कोणती जबाबदारी येते? आपण समुद्राच्या कुशीत राहणारी माणसे आहोत. या प्रश्नांचा विचार वादळ येण्यापूर्वी, शांत चित्ताने करून ठेवणे आपल्याला आवश्यक आहे.

मीरा-भाईंदर म्हटले की आज डोळ्यांसमोर उभ्या राहतात त्या रेल्वेमार्गाच्या दुतर्फा वाढलेल्या इमारती. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक भरली. परंतु याच महानगरपालिकेच्या हद्दीत, पश्चिमेच्या टोकाला, उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही जुनी गावे आहेत. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि मध्ये तिवरांची खाजणे व मिठागरे अशी ही भूमी. उत्तनच्या चर्चला समुद्रमातेचे नाव आहे, यातच त्या गावाचा सारा इतिहास आला. येथील ख्रिस्ती कोळी पिढ्यान्‌पिढ्या डोलीच्या जाळ्यांनी मासेमारी करीत आला. बोंबील वाळवून त्यावर पावसाळ्याचे चार महिने काढीत आला. जो समुद्र त्याला पोसतो, त्याच समुद्रापासून पळून जा, असे त्याला सांगितले जाते, तेव्हा त्याच्या मनात काय उलथापालथ होत असेल, याची कल्पना सातव्या मजल्यावरची खिडकी बंद करून निश्चिंत होणाऱ्या माणसाला सहजी येणार नाही.

एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू या. ते कोणा एकाचे नाही; किनाऱ्यावरच्या कोणत्याही पाखाडीत ते भेटेल. घरात म्हातारी आई आहे, मुलगा आहे, सून आहे, दोन नातवंडे आहेत. घर कौलारू, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. रिक्षातून भोंग्यावर सूचना दिली जात आहे की सायंकाळपूर्वी सर्वांनी शाळेच्या इमारतीत जावे. सून मुलांचे कपडे पिशवीत भरते, कागदपत्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळते. मुलाचे लक्ष होडीकडे आहे. आणि म्हातारी आई खाटेवर बसून म्हणते, “तुम्ही जा. मी माझ्या घरातून हलणार नाही. अशी वादळे मी पुष्कळ पाहिली.”

या म्हातारीला हट्टी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही. प्रथम तिची बाजू समजून घेतली पाहिजे. घर म्हणजे केवळ दगडमातीचा आडोसा नव्हे. त्या घरात ती सून म्हणून आली, तेथेच तिची बाळंतपणे झाली, तेथूनच तिच्या धन्याची अंत्ययात्रा निघाली. भिंतीवरच्या आल्तारापुढे तिने किती संध्याकाळी रोजरी म्हटली असेल, याची गणती नाही. शिवाय गरिबाचे घर हीच त्याची सारी पुंजी असते. श्रीमंताचे धन बँकेत असते, ते वाऱ्याने उडत नाही. गरिबाचे धन म्हणजे त्याची कौले, त्याची जाळी, माळ्यावरची सुकी मासळी आणि कर्ज काढून घेतलेले होडीचे इंजिन. ते सारे सोडून जाणे म्हणजे त्याने एका रात्रीसाठी आपले सर्वस्व वाऱ्याच्या हवाली करणे होय.

त्यातच २०२० साली आणखी एक संकट होते. करोनाच्या साथीने माणसाला माणसाचे भय वाटू लागले होते. एकीकडे सरकार सांगत होते, घराबाहेर पडू नका, गर्दी टाळा. आणि दुसरीकडे वादळामुळे तेच सरकार सांगत होते, घर सोडा आणि एका छपराखाली एकत्र या. अशा वेळी जो थबकला त्याला मूर्ख कसे म्हणावे? दोन संकटांमधून कमी घातक ते निवडणे हा नीतिशास्त्रातील सर्वांत अवघड धडा आहे, आणि तो त्या दिवशी साध्यासुध्या माणसांना काही तासांत सोडवावा लागला.

तरीही, तिची बाजू समजून घेणे वेगळे आणि ती योग्य मानणे वेगळे. थांबण्याच्या बाजूने जी कारणे सामान्यतः दिली जातात, त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिले कारण असे की, ‘जीव माझा, निर्णय माझा.’ आजच्या काळात हे विधान फार आकर्षक वाटते. परंतु ख्रिस्ती विचार ते जसेच्या तसे स्वीकारू शकत नाही. जीवन ही आपल्याला मिळालेली देणगी आहे. आपण तिचे मालक नसून कारभारी आहोत. संत थॉमस अक्वायनस यांनी आत्मनाशाचा विचार करताना आणखी एक गोष्ट सांगितली आहे : माणूस हा समाजाचा घटक असल्यामुळे तो जे स्वतःचे करतो ते समाजाचेही करतो. म्हातारीने घरात थांबणे आत्महत्येच्या पंक्तीला बसवावे असे मुळीच नाही. परंतु तत्त्व येथेही लागू पडते. वादळात कोणीही एकटा थांबत नाही. आई थांबली की मुलगा थांबतो. मुलगा थांबला की सून मुलांना घेऊन दाराशी घुटमळते. आणि रात्री भिंत कोसळली, तर कमरेइतक्या पाण्यातून त्यांना काढायला कोणाचा तरी दुसरा मुलगा येतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानाच्या, अग्निशमन दलाच्या कर्मचाऱ्याच्या घरीही म्हातारी आई आहे. ‘माझे मी पाहीन’ असे म्हणणाऱ्याने हा हिशेब आधी मांडला पाहिजे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे, कारण ते श्रद्धेच्या भाषेत बोलते. ‘आमचा देवावर भरवसा आहे. तो राखील.’ आपल्याकडे ‘असेल हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण चेष्टेने वापरली जाते. परंतु आपत्तीच्या वेळी तिचेच ख्रिस्ती रूप आपल्या तोंडून गांभीर्याने बाहेर पडते. येथे शुभवर्तमानातील एक प्रसंग आठवावा. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या कंगोऱ्यावर नेऊन खाली उडी टाकण्यास सुचविले, तेव्हा त्याने आधार दिला तो पवित्र शास्त्राचाच. देवदूत तुला हातांवर झेलतील, या स्तोत्रातील अभिवचनाचा. प्रभूने ते अभिवचन खोटे ठरविले नाही. परंतु अभिवचनाचा आधार घेऊन देवाची परीक्षा पाहणे त्याने नाकारले. विश्वास आणि परीक्षा यांतील भेद सूक्ष्म असला तरी स्पष्ट आहे. माझ्या हातून होण्यासारखे सारे करून झाल्यावर उरलेले देवाच्या हाती सोपविणे हा विश्वास. आणि माझ्या हातून होण्यासारखे काही न करता देवाने माझे काम करावे, अशी अपेक्षा धरणे ही परीक्षा.

याचा उलगडा प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसाव्या अध्यायात फार सुंदर रीतीने झाला आहे. दर्यावर्दी माणसाने तो अध्याय अवश्य वाचावा. कैदी पौलाला घेऊन रोमकडे निघालेले तारू वादळात सापडते. ऋतू धोक्याचा आहे, पुढे जाऊ नका, असे पौलाने आधीच बजावले होते. परंतु शताधिपतीने त्याच्यापेक्षा तांडेलाचे व तारवाच्या मालकाचे ऐकले. कित्येक दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत. तेव्हा देवदूताने पौलाला आश्वासन दिले की तारू जाईल, परंतु तुझ्याबरोबरच्या एकाचाही प्राण जाणार नाही. एवढे ठाम अभिवचन मिळाल्यावर पौल निर्धास्त झोपी गेला काय? नाही. नांगर टाकण्याच्या मिषाने खलाशी छोटी होडी पाण्यात सोडून निसटू पाहत होते, हे पाहताच त्याने शताधिपतीला सांगितले की हे लोक तारवावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. देवाचे वचन होते, तरी खलाशी हवे होते. त्याच पौलाने सर्वांना आग्रहाने जेवू घातले. शेवटी तारू फुटले, सामान गेले, धान्य समुद्रात फेकावे लागले. परंतु तारवावरील २७६ माणसे काठाला लागली. कोणी पोहत, कोणी फळकुटाला धरून. ईश्वरी कृपा मानवी प्रयत्नांना बाजूला सारून काम करीत नाही; ती त्यांच्याच हातांनी काम करते.

पवित्र कुटुंबाचे मिसरला पलायन हाही याच जातीचा प्रसंग आहे. हेरोद बाळाच्या जिवावर उठला आहे, अशी सूचना योसेफाला स्वप्नात मिळाली. मत्तय सांगतो की तो उठला आणि बाळाला व त्याच्या आईला घेऊन रात्रीच निघाला. ‘हे बाळ देवाचे आहे, तेव्हा देवच याला राखील’ असा युक्तिवाद करण्याचा अधिकार जगात कोणाला असेल, तर तो योसेफाला होता. त्याने तो केला नाही. शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. त्याचे उठून निघणे हेच त्याचे प्रार्थनावचन होय.

आज देवदूत स्वप्नात येऊन सांगेल, अशी वाट पाहण्याची गरज नाही. भारतीय हवामान खाते १८७५ सालापासून काम करीत आहे. आता उपग्रहांच्या व रडारच्या साहाय्याने चक्रीवादळाचा माग अनेक दिवस आधीपासून काढता येतो; किनाऱ्यावर वादळ येण्याच्या ७२, ४८, २४ व १२ तास आधी टप्प्याटप्प्याने सूचना दिल्या जातात. ज्याने बुद्धी दिली, त्यानेच ही साधने दिली असे जर आपण मानतो, तर त्या साधनांद्वारे आलेली सूचना धुडकावणे म्हणजे देणाऱ्याचाच हात झिडकारणे नव्हे काय?

तिसरे कारण अनुभवाचे. ‘पाणी इथवर कधी आले नाही.’ म्हातारीच्या या वाक्याला वजन आहे. अक्वायनस यांनी सुज्ञता या सद्‌गुणाची जी अंगे सांगितली आहेत, त्यांत पहिले स्थान स्मृतीला आहे. गतकाळाच्या अनुभवाशिवाय सुज्ञपणा येत नाही. परंतु त्याच यादीत त्यांनी आणखी एका अंगाचा समावेश केला : शिकण्याची तयारी. व्यवहारातील गोष्टी इतक्या विविध असतात की एका माणसाला, कितीही शहाणा असला तरी, त्या सर्वांचे आकलन होणे शक्य नाही; म्हणून थोरामोठ्यांनीही इतरांकडून शिकावे, असे ते म्हणतात. आपल्या वाडवडिलांनी वाऱ्याची दिशा, ढगांचा रंग, लाटेची चाल यांवरून समुद्र ओळखला, आणि ते ज्ञान खरे होते. परंतु ज्या समुद्रावर ते बेतलेले होते, तो समुद्रच आता पालटत आहे. अरबी समुद्राचे पाणी तापत असून गेल्या काही दशकांत त्यावरील चक्रीवादळांची संख्या व तीव्रता वाढत असल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिले आहे. अशा वेळी केवळ स्मृतीवर विसंबणे म्हणजे जुन्या नकाशावरून नव्या खाडीत होडी घालण्यासारखे आहे. आणि स्मृतीच हवी असेल, तर ती तरी पुरती असावी. १६१८ च्या मे महिन्यात वसई-मुंबईच्या किनाऱ्यावर झालेल्या भयंकर तुफानाची नोंद इतिहासात आहे. ‘कधी आले नाही’ याचा अर्थ बहुधा ‘माझ्या आठवणीत आले नाही’ एवढाच असतो.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, घरांची छपरे नेली. परंतु मुंबई-ठाण्याचा किनारा मोठ्या संहारातून बचावला. तौक्ते तर आपल्या किनाऱ्यावर आदळलेच नाही. मग ज्यांनी घर सोडले ते फसले, आणि जे थांबले ते शहाणे ठरले, असे म्हणायचे काय? नाही. एखाद्या कृतीची योग्यता तिच्या परिणामावरून ठरत नाही. ती करताना माणसाला जे ज्ञात होते आणि जे ज्ञात करून घेणे त्याचे कर्तव्य होते, त्यावरून ठरते. डोळे मिटून रेल्वेमार्ग ओलांडणारा पलीकडे सुखरूप पोहोचला, म्हणून तो सुज्ञ ठरत नाही. तो फक्त वाचला. वाचणे ही कृपा आहे, तिच्याबद्दल आभार मानावेत. परंतु तिला स्वतःच्या शहाणपणाचा पुरावा समजू नये. कारण पुढच्या खेपेस हाच खोटा पुरावा आपल्या मुलांना घरात बसवून ठेवील.

इथपर्यंत आपण निघणाऱ्याच्या कर्तव्याचा विचार केला. परंतु तेवढ्यावर थांबलो, तर आपण दुबळ्यालाच उपदेश करून मोकळे झालो, असे होईल. नाण्याला दुसरी बाजू आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने लोकांना धोक्याच्या जागेतून हलविण्याचा अधिकार प्रशासनाला दिला आहे. तथापि कायद्याचा अधिकार आणि नैतिक अधिकार या दोन गोष्टी नेहमीच एकत्र नांदतात असे नाही. ‘निघा’ म्हणण्याचा नैतिक अधिकार त्यालाच पोहोचतो, जो ‘तुमच्या मागे राहिलेल्याची काळजी मी घेईन’ असेही म्हणतो.

याची साक्ष आपल्या देशाच्या अलीकडच्या इतिहासात मिळते. ९ जून १९९८ रोजी गुजरातमध्ये कांडल्याच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मिठागरांत राबणारे मजूर मोठ्या संख्येने होते. सखल, उघड्या मिठागरात समुद्र शिरला, तेव्हा त्यांना कोठे जायला जागा नव्हती. ज्या भाईंदरच्या मातीत मिठागरे आहेत, तेथील माणसाला हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. पुढच्याच वर्षी, २९ ऑक्टोबर १९९९ रोजी, ओडिशातील महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. आणि त्याच ओडिशात १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ हे तसेच भीषण वादळ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले होते. मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. मधल्या चौदा वर्षांत काय घडले? किनाऱ्यावर पक्के निवारे उभे राहिले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, सूचना शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था झाली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा असे लोकांना वाटू लागले. विश्वास हा भोंग्यावरून ओरडून निर्माण होत नाही. तो वादळांच्या मधल्या शांत दिवसांत कमवावा लागतो.

आपल्याकडे हा विश्वास कितपत कमावला गेला आहे? निवाऱ्यात बायकांसाठी वेगळे स्वच्छतागृह असेल काय, तान्ह्या बाळाला दूध मिळेल काय, रात्री रिकाम्या घरांवर पहारा असेल काय, होडी फुटली तर भरपाई वेळेवर मिळेल काय, हे प्रश्न म्हातारी उघड विचारत नाही, परंतु तिच्या नकारात ते आहेत. आणि सर्वांत खोलवर एक भय आहे, जे सहसा बोलून दाखविले जात नाही : एकदा उठलो तर पुन्हा येथे येऊ देतील काय? कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला आहे. ज्याच्या पायाखालच्या जमिनीची नोंद पक्की नाही, तो वादळातही ती जमीन सोडायला बिचकतो. म्हणून परतण्याची हमी ही सुरक्षित स्थलांतराची पहिली अट होय.

शिवाय सर्वांनाच निघण्याचा निर्णय स्वतः घेता येतो, असे नाही. १७ मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रातील तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा कामगारांचा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते. त्यांपैकी सत्तरहून अधिक प्राणास मुकले. तेथे राबणाऱ्या वेल्डरला किंवा स्वयंपाक्याला ‘आपण आता किनाऱ्याला जाऊ’ असे ठरविण्याची मुभा नव्हती. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचे थांबणे वा निघणे अवलंबून असते, त्याने तो शब्द उच्चारताना आपण दुसऱ्याच्या प्राणांचे कारभारी आहोत, हे विसरू नये. होडीच्या मालकालाही हेच लागू आहे. तौक्ते आले तेव्हा पावसाळी बंदी सुरू व्हायची होती. होड्या शाकारून काठावर घेण्याची वेळ आली नव्हती. नांगरलेली होडी सुटू नये म्हणून रात्रभर तिच्यावर खलाशी थांबवावा, असा मोह अशा वेळी मालकाला होतो. लाखांची होडी आणि परमुलुखातून पोटासाठी आलेला खलाशी यांत मोल कोणाचे अधिक, हे ठरवायला नीतिशास्त्राचा ग्रंथ उघडावा लागू नये.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत कठीण प्रश्न. सारे समजावूनही म्हातारी उठली नाही, तर मुलाने काय करावे? आईला सोडून लेकरांना घेऊन जावे, की आईजवळ थांबून लेकरांना धोक्यात घालावे?

येथे संत ऑगस्टीन यांच्या एका पत्राची मला मदत होते. व्हॅन्डल टोळ्यांनी ४२९ साली उत्तर आफ्रिकेत शिरकाव केला, तेव्हा होनोरातुस नावाच्या बिशपांनी त्यांना विचारले की अशा वेळी धर्मगुरूंनी पळून जावे काय? ऑगस्टीन यांचे उत्तर समतोल आहे. एकट्या धर्मसेवकाचाच शोध होत असेल, तर त्याने दूर जाण्यात गैर नाही. दिमिष्कमध्ये पौलालाही टोपलीत बसवून भिंतीवरून खाली उतरविले होतेच. परंतु धोका सर्वांना सारखाच असेल, तर ज्यांना इतरांची गरज आहे त्यांना, ज्यांची गरज आहे त्यांनी सोडून जाऊ नये. सर्वांनी मिळून सुरक्षित जागी जावे. आणि ज्यांना थांबणे भाग आहे त्यांच्याजवळ त्यांचे सेवक असावेत. कोणी थांबावे यावर एकमत न झाल्यास चिठ्ठ्या टाकाव्यात, असेही त्यांनी सुचविले. हे केवळ पत्रातले पांडित्य नव्हते. हिप्पो शहराला वेढा पडलेला असताना, २८ ऑगस्ट ४३० रोजी, ऑगस्टीन आपल्या लोकांमध्येच मरण पावले.

या उत्तरात कुटुंबासाठीही एक नियम आहे. निघायचे तर सर्वांनी मिळून. आणि निघण्याचा क्रम बळाच्या उलट. लेकरे आधी, आजारी आधी, म्हातारी आधी, धडधाकट शेवटी. त्यात तांडेल आला, नगरसेवक आला आणि त्या गावचा धर्मगुरूही आला. म्हणून मुलाने प्रथम सुनेला व लेकरांना निवाऱ्यात पोहोचवावे आणि वेळ हाती असेतो परत यावे. एकट्याने नव्हे, शेजारच्या दोघांना घेऊन. आईला ‘तुझ्यामुळे आम्ही अडकलो’ असे म्हणू नये; त्याने तिला वाटेल की आपण ओझे झालो आहोत, आणि मग ती खरोखरच उठणार नाही. तिला सांगावे, “आई, तू नसशील तर शाळेत रात्री रोजरी कोण सांगणार? पोरे तुझ्यावाचून झोपणार नाहीत.” यात खोटे काहीच नाही. तिला घराची इतकी ओढ आहे, ती त्या घरात नांदलेल्या माणसांमुळे. ती माणसे आता शाळेच्या वर्गात बसली आहेत. ज्या रात्री ती तेथे आहेत, त्या रात्री तेच तिचे घर.

आणि तरीही ती बधली नाही तर? मग तिला उचलून न्यावे, असे मी म्हणेन. मन धडधाकट असलेल्या माणसावर बळ वापरणे ही हलकी गोष्ट नव्हे. ते वापरण्यापूर्वी समजावण्याचे सर्व उपाय संपलेले असावेत. परंतु रागावलेली आई उद्या समजावता येते. गेलेली आई समजावता येत नाही. आणि पाणी दाराशी आले, मुलगा एकटाच असेल, उचलणेही शक्य नसेल, तर? त्या क्षणी तो थांबला वा निघाला, त्याचा न्याय करायला आपण कोणीही बसू नये. आपण विचारायचे ते एवढेच, की त्या घरी वेळेत दुसरा खांदा का पोहोचला नाही.

शुभवर्तमानात प्रभू येशूने लोटाच्या पत्नीची आठवण करून दिली आहे, आणि छपरावर असलेल्याने सामान घ्यायला घरात उतरू नये, असेही सांगितले आहे. मागे वळून पाहणे हे प्रेमाचे लक्षण असू शकते. परंतु जे मागे राहिले त्याची आणि जे बरोबर आहेत त्यांची किंमत सारखीच धरणे हा घात आहे. वस्तू परत मिळवता येतात; निदान त्यांच्यावाचून जगता येते.

वाचकहो, आपल्या समुद्रावर चक्रीवादळांचे दोन मोसम असतात : पावसाळ्याच्या आधीचा आणि नंतरचा. २००९ सालचे ‘फयान’ ११ नोव्हेंबरला आले होते. म्हणून दर वर्षी एप्रिल संपण्यापूर्वी, आणि पुन्हा ऑक्टोबरच्या आरंभी, प्रत्येक धर्मग्रामाने काही साध्या गोष्टी कराव्यात, असे मी सुचवितो. पाखाडीनिहाय एक यादी करावी : कोणाला चालता येत नाही, कोण एकटे राहते, कोणाच्या घरी गरोदर स्त्री आहे, कोणाचे औषध रोज चालू आहे. प्रत्येक नावापुढे दोन शेजाऱ्यांची नावे लिहावीत, जे त्यांना घेऊन निघतील. चर्चचे सभागृह व शाळा यांची दारे कोणाला, केव्हा उघडायची, किल्ली कोणाजवळ असेल, हे ठरवून ठेवावे. आणि ती दारे ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान असा भेद न करता उघडावीत, कारण वादळ तो भेद करीत नाही. भाड्याने राहणारा, परप्रांतीय खलाशी, बांधकामावरचा मजूर यांची नावेही त्या यादीत असावीत. मतदारयादीत नसली तरी. रिकाम्या घरांवर पहारा देणाऱ्या तरुणांचे गट करावेत. आणि लोक परतल्यावर पहिल्या रविवारच्या मिस्सापूर्वी, ज्यांची कौले उडाली त्यांच्या छपरावर इतरांचे हात पोहोचलेले असावेत.

हे सारे झाले, तर पुढच्या वेळी भोंग्यावरची सूचना ऐकून म्हातारीला तिच्या प्रश्नांची उत्तरे आधीच ठाऊक असतील. तिच्या दाराशी येणाऱ्या दोघांची नावे तिला माहीत असतील, रात्री तिच्या घरावर कोणाची नजर असेल ते माहीत असेल, आणि परत येण्याचा दिवसही तिला सांगितलेला असेल. मग ती काठी घेऊन उठेल, आल्तारापुढे क्रूसाची खूण करील, दाराला कडी घालील आणि नातवाचा हात धरून चालू लागेल.